साडेनऊचा उजेड

फोटो खरोखरच सुंदर आला होता. उन्हं उतरताना काढलेला. सगळ्यांच्या केसांच्या कडेला सोन्याची बारीक रेघ उमटलेली, मागचं गवत तांबूस, चेहऱ्यांवर कुठेही कडक सावली नाही. धाकट्या बहिणीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच एकापाठोपाठ एक कौतुक येत राहिलं. आईने माझा फोन हातात घेतला, जरा लांब धरला, बराच वेळ पाहिला आणि परत देताना म्हणाली, "छान आलाय गं. पण यात आजी नाहीये." आजी मधोमध खुर्चीत बसलेली होती. मी तिच्यावर बोट ठेवून दाखवलं. "बसलीये, दिसतंय मला," आई म्हणाली आणि आपल्या कामाला निघून गेली.

रात्री सगळे झोपल्यावर मी तो फोटो मोठा करून पाहिला. उजेड चेहऱ्यावर अगदी हवा तसा पडला होता, सुरकुत्याही मऊ दिसत होत्या. पण आजी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर, कुठेतरी दूर. ओठ घट्ट मिटलेले. उजव्या हाताने खुर्चीचा दांडा इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्या खुर्चीत एक घाबरलेली म्हातारी बाई होती, आणि तिच्याभोवती आम्ही सगळे मनापासून हसत होतो.

आजीला अलीकडे विसरायला होतं. सकाळी ती बरीचशी तिची ती असते: नावं आठवतात, टिंगल करते, आईच्या कामात चुका काढते. दुपार कलली की हळूहळू काहीतरी सुटायला लागतं. ती दारापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. "मला घरी जायचंय," म्हणते, आणि ती घरातच असते. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांचं असं होतं; दिवस मावळायच्या सुमाराला गोंधळ, भीती, चिडचिड वाढते, आणि डॉक्टरांकडे त्याला सनडाउनिंग असं नावही आहे. शरीरातलं घड्याळ बिघडणं, दिवसभराचा थकवा, अंधुक उजेडात वस्तू नीट न ओळखू येणं, अशी बरीच कारणं त्यामागे सांगतात. घरातल्या माणसांना कारणांपेक्षा ती वेळ कळते. आई पाचनंतर आजीजवळून हलत नाही.

फोटोसाठी सगळ्यात चांगली मानलेली वेळ आणि आजीची सगळ्यात अवघड वेळ एकच होती.

त्या उजेडाबद्दल मला तक्रार नाही, कारण तो मलाही फार आवडतो. सूर्य डोक्यावर असताना त्याचा किरण हवेच्या जेवढ्या जाडीतून येतो, त्याच्या सुमारे ३८ पट जाडी त्याला क्षितिजाजवळून येताना पार करावी लागते. वाटेत निळा रंग हवेच्या कणांवर आपटून विखुरतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो निवळलेला, पिवळा-तांबूस भाग. तो मंद झालेला असतो, म्हणून त्याच्याकडे तोंड करूनही डोळे उघडे ठेवता येतात. तो आडवा येतो, म्हणून भुवयांच्या खाली शिरतो, डोळ्यांच्या खोबणी उजळतो, बुबुळात एक छोटा ठिपका ठेवतो. त्याच वेळी वरचं निळं आकाश सावलीच्या बाजूला थोडा उजेड देत राहतं, म्हणून सावल्या काळ्याकुट्ट होत नाहीत. कॅमेरेवाले ज्याला गोल्डन अवर म्हणतात, त्याची हद्द ढोबळपणे सूर्य क्षितिजाच्या वर सहा अंशांच्या आत असेपर्यंतची. त्या उंचीला माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साडेनऊ पट लांब पडते. लहान मुलं तेव्हा आपल्याच सावलीमागे धावतात, आणि तो फोटोही कायम चांगला येतो.

नावात अवर असला तरी तो तासभर टिकतोच असं नाही. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, पण किती तिरका उतरतो ते जागेवर अवलंबून असतं. विषुववृत्तावर मार्च-सप्टेंबरात तो सरळ खाली जातो, आणि शेवटचे सहा अंश २४ मिनिटांत संपतात. ६० अक्षांशावर त्याच दिवसांत दुप्पट वेळ मिळतो, कारण तिथे तो तिरका घसरत जातो. म्हणजे उष्ण प्रदेशात राहणाऱ्या मोठ्या कुटुंबाला ही वेळ गाठायची तर सगळे आधीच कपडे करून, जागा धरून, तयार हवेत. कोण कुणाच्या मागे, उंच कोण, चष्म्यावर चमक येतेय का, हे सगळं त्या वीस-पंचवीस मिनिटांत. त्या घाईचाही चेहऱ्यावर परिणाम होतो. आमच्या त्या संध्याकाळी बहीण सारखी पश्चिमेकडे बघत होती आणि "लवकर, लवकर" म्हणत होती. तिचंही बरोबर होतं, ऊन चाललंच होतं. पण आजीला ते "लवकर" ऐकून काय वाटलं असेल, हा विचार मला त्या रात्री पहिल्यांदा शिवला. आपल्याला कुठेतरी नेणार आहेत, असंच वाटलं असणार.

दुपारची वेळ सगळेच टाळतात आणि ते योग्यच आहे. सूर्य वर असला की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांची वरची हाडं पांढरी पडतात, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे होतात, नाकाची सावली ओठांवर येते. तरुण चेहरासुद्धा आजारी दिसतो. आणि तरी आमच्या जुन्या आल्बममध्ये जवळपास प्रत्येक फोटो भर उन्हातला आहे. सगळे डोळे किलकिले करून उभे. लहान असताना मला वाटायचं, त्या पिढीचे डोळेच बारीक होते. खरं कारण असं की त्या काळच्या साध्या पेटी-कॅमेऱ्यांत भिंगापुढचं भोक आणि शटरचा वेग दोन्ही जवळजवळ कायमचे ठरलेले असायचे. १९०० साली आलेल्या कोडॅकच्या ब्राउनी कॅमेऱ्यामुळे फोटो घराघरात पोहोचला, पण त्या जातीच्या कॅमेऱ्यांना उजेडाच्या बाबतीत चोचले परवडत नव्हते. फिल्म मंद, भिंग साधं; लख्ख ऊन हवंच. म्हणून सूर्य पाठीशी घ्यायचा, माणसांना सूर्याकडे तोंड करून उभं करायचं आणि खटका दाबायचा, हा नियम घरोघरी पक्का झाला. अशा कॅमेऱ्यांचा काळ गेला, तरी माणसं तो नियम पाळत राहिली. आमच्याकडे अजूनही एक काका हातात फोन घेऊन आम्हाला उन्हाकडे तोंड करायला लावतात, आणि आम्ही निमूटपणे वळतो.

त्याच्याही आधी तर माणसाच्या सोयीचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स या संशोधकाने १८२६-२७ च्या सुमारास खिडकीतून घेतलेलं जे चित्र आज टिकून आहे, त्याला इतके तास लागले की अंगणातल्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. सकाळ आणि संध्याकाळ एकाच भिंगासमोर येऊन गेली. १८३९ मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने उघड्यावर बसून स्वतःचा फोटो काढला, तेव्हा त्यालाही कित्येक मिनिटं न हलता बसावं लागलं. केस विस्कटलेले, चौकटीच्या एका बाजूला सरकलेला, आणि नजर मात्र विलक्षण जिवंत. पुढे फोटो स्टुडिओ निघाले तेव्हा छताला काचा बसवल्या, माणसाच्या मानेमागे लोखंडी आधार लावला, आणि उजेड जेव्हा भरपूर असेल तेव्हा गिऱ्हाइकाने यायचं असं ठरलं. तेव्हा माणूसच उजेडाच्या वेळेला बांधलेला होता, त्याला दुसरा इलाजच नव्हता. आज खिशातला फोन दिव्याच्या उजेडातही फोटो काढतो. तरी आपण माणसांना उजेडाच्या वेळेत कोंबतो, हे मला पूर्वी जाणवलं नव्हतं.

आल्बममधला एक फोटो मात्र मला लहानपणापासून आवडतो. पांढऱ्या किनारीचा, तळहाताएवढा. बाबा जेमतेम दोन वर्षांचे, आजीच्या कडेवर. बाबांचे डोळे मिटत आलेले, पण तोंड उघडं, खळखळून हसतायत. आणि दोघांच्या पायांशी, जमिनीवर, फोटो काढणाऱ्या आजोबांची सावली. दोन्ही कोपर बाहेर काढलेली, डोकं खाली झुकवलेलं. आजोबा आमच्या आल्बममध्ये फार कमी आहेत, सावलीच्या रूपात मात्र बऱ्याच ठिकाणी सापडतात. ती सावली चांगली लांब आहे, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या पुष्कळ खाली होता. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली माणसाएवढी असते, त्याच्या खाली आला की लांबते. पण सकाळ की संध्याकाळ, हे सावली सांगत नाही. मी एकदा आजीला विचारलं होतं, तिचं सगळं धड असताना. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "सकाळचा. यांना संध्याकाळी काढायचा होता, वारा असतो म्हणून. मी म्हटलं, दुपारनंतर हा कुणाकडे जात नाही, रडका फोटो काढून काय करायचंय? झोप झाली, पोट भरलं, की तासभर राजासारखा असायचा तुझा बाप. तेवढ्यात उरका म्हटलं."

तिने उजेड बघितलाच नव्हता. लेकरू बघितलं होतं.

आईच्या त्या एका वाक्यानंतर मी घरातल्या माणसांकडे त्या नजरेने बघायला लागले, आणि लक्षात आलं की प्रत्येकाचा चेहरा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उमलतो. बाबा उठल्या उठल्या सुजट दिसतात. रात्रभर आडवं पडल्यावर चेहऱ्यात पाणी साठतं, ते उतरायला थोडा वेळ जातो. नऊनंतर त्यांची हनुवटी परत जागेवर येते. आई कामं हातावेगळी झाल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तरी तिचे डोळे घरातच असतात. सोळा वर्षांचा भाचा सकाळी अकराच्या आधी माणसात नसतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही, त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि उशिरा जाते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास सगळ्यांनाच एक मंदपणा येतो, पोट भरलेलं असो वा नसो. आणि संध्याकाळी, ज्या वेळेला उजेड सगळ्यात देखणा असतो, त्या वेळेला दिवसभर राबलेली माणसं खरं तर टेकायला बघत असतात. लहान मुलं तर तेव्हा दोनच अवस्थांत सापडतात, दमून रडत किंवा दमून उधळलेली. बहिणीचं म्हणणं असतं की ते उधळलेपण फोटोत चांगलं दिसतं. एकट्या मुलाच्या फोटोत दिसतं, तिचं खरं आहे. पण सगळ्यांच्या फोटोत एक मूल उधळलं की बाकीचे सगळे त्याच्याकडे बघायला लागतात.

सगळ्यांची वेळ जुळणं शक्य नसतं. मग कुणाची धरायची? मला आता याचं उत्तर ठाम वाटतं: ज्याला आपली वेळ हलवता येत नाही, त्याची. भाचा एक दिवस लवकर उठू शकतो, थोडा फुगून बसेल, पण उठेल. बाबा अर्धा तास थांबू शकतात. मी कामावरून सुट्टी काढू शकते. दोन वर्षांचं मूल आपली झोप पुढे ढकलू शकत नाही आणि आजी आपली संध्याकाळ. उजेडाचं म्हणाल तर तो जरा शोधला की बहुतेक वेळी सापडतो. आजीचा बरा तास तसा सापडत नाही.

म्हणून मी सकाळी साडेनऊचा उजेड शोधायला घेतला. त्या वेळेला ऊन बऱ्यापैकी चढलेलं असतं, उघड्यावर उभं राहिलं तर डोळे मिटतात. पण घराच्या पश्चिमेकडच्या पायरीवर तेव्हा घराचीच सावली असते, आणि समोर सगळं आकाश मोकळं. सावली आणि मोकळं आकाश हे एकत्र मिळालं की चेहऱ्याला आणखी फार काही लागत नाही. सूर्य आपल्याला आकाशात फक्त अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार. अख्ख्या आकाशातून येणारा उजेड सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून त्याची सावली जवळजवळ नसतेच. मात्र सावलीच्या पोटात शिरायचं नाही, कडेशी बसायचं आणि तोंड बाहेर करायचं. आत गेलं की आकाशाचा उजेड कमी पोहोचतो आणि डोळे पुन्हा काळवंडतात. माणसाला हळूहळू बाहेर सरकवत त्याच्या डोळ्यांत बघत राहिलं की एका ठिकाणी बुबुळात आकाश दिसायला लागतं. तिथे थांबायचं. समोर उन्हात न्हालेली पांढरी भिंत असेल तर ती हनुवटीच्या खालची सावलीही भरून काढते. हिरव्या गर्द झाडाखाली मात्र जपून. पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट उतरतो, आणि मध्येच एखादा कवडसा बरोबर नाकावर बसतो. सावलीतला उजेड थोडा निळा असतो खरा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा तो निळा; भर दिवसाचा उजेड सुमारे ५५०० केल्विनचा धरतात, सावलीतला त्याच्या बराच वर, सात हजारांपलीकडेही जातो. कॅमेरा बहुतेक वेळा स्वतःच तो सावरून घेतो, नाही सावरला तर नंतर जरासा उबदार करता येतो. चेहऱ्यावरची भीती नंतर काढता येत नाही.

मळभ आलेला दिवस असेल तर आणखी चांगलं, तेव्हा वेळेची काटेकोर निवडच लागत नाही. आणि ज्यांना घराबाहेर आणता येत नाही, त्यांच्यासाठी खिडकी. ऊन थेट आत येत नसेल अशी मोठी खिडकी, खोलीतले दिवे बंद, कारण दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा पांढरा एकाच चेहऱ्यावर भांडतात. खिडकीपासून दूर जावं तसा उजेड भराभर कमी होतो, म्हणून माणसं एकामागे एक बसवली तर मागचे अंधारात जातात. खिडकीला समांतर, एका ओळीत बसवली की सगळ्यांना सारखा मिळतो. कॅमेरा खिडकीकडे पाठ करून, किंवा थोडा एका बाजूला. आजीचा भाऊ अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्याचे शेवटचे चांगले फोटो असेच, पलंग न हलवता, फक्त पडदा सरकवून आले.

पायरीवरच्या त्या सकाळी आम्ही कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. आजी नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली होती, आई तिच्या शेजारी, मग बाबा, मग आम्ही एकेक करत खाली-वर जागा शोधली. बहीण समोर उभी. आजीने विचारलं, "हे काय चाललंय सगळ्यांचं?" आई म्हणाली, "फोटो काढतोय." "मग केस विंचरू दे की," आजी म्हणाली आणि आपल्याच हाताने केस मागे सारले. तो क्षण बहिणीने टिपला. सोन्याची रेघ कुणाच्याच केसांवर नाही. उजेड साधा, सपाट म्हणावा असा, मागे दाराचा कोपरा आणि चपलांची रांग. भाच्याने जांभई आवरलेली कळते. आजीचा एक हात केसांत आहे आणि ती आईकडे बघून हसतेय, खोडसाळ, आमच्या ओळखीचं. बहीण आजही म्हणते की चित्र म्हणून संध्याकाळचा फोटो उजवा आहे. रंग, खोली, मांडणी सगळ्यांत तो उजवा आहेच, मी तिच्याशी वाद घालत नाही. आईने पायरीवरचा छापून मागितला.

एका गोष्टीचा निकाल मला अजून लावता येत नाही. आजीची संध्याकाळही खरीच आहे. ती दाराशी जाते, परत येते, आईचा हात धरून ठेवते, हेसुद्धा आमच्या घराचे दिवस आहेत, आणि पुढे कधी ते आठवायचे असतील तर काय बघणार? फक्त बऱ्या तासांचे फोटो ठेवले तर आईने त्या संध्याकाळी कशा काढल्या ते कुठेच उरणार नाही. म्हणून मी तो सोनेरी फोटो काढून टाकलेला नाही. त्यात आजीच्या खुर्चीमागे आई उभी आहे, आणि नीट बघितलं तर आईचा हात आजीच्या खांद्यावर आहे, बोटं जरा दाबलेली. ते मला दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला दिसलं.

आता बहिणीला बाळ झालंय, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो पुन्हा काढायचा आहे. बाळ सकाळची झोप काढून नऊच्या आसपास उठतं आणि तासभर कुणाकडेही जातं, म्हणजे त्याची आणि आजीची वेळ जुळते. बहीण संध्याकाळचाही एक काढणार आहे, तिचा, नवऱ्याचा आणि बाळ जागं असेल तर त्याचा. आजीला खुर्चीत बसवायचं नाही, हे तिनेच आधी सांगितलं. मी सुचवलं की हिवाळ्यात काढू. उन्हाळा आणि हिवाळा यांत माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीत ४७ अंशांपर्यंत फरक पडू शकतो, आणि हिवाळ्यात तो खालून जातो तेव्हा घराची सावली अंगणात लांबवर येते. तेवढ्या सावलीत पायरीवर दाटीने बसायला नको, खुर्च्या बाहेर मांडता येतील, आजीच्या शेजारी बाळाला घेऊन कुणीतरी निवांत बसू शकेल. धाकटा भाऊ रात्रपाळी करतो, साडेनऊला तो गाढ झोपेत असतो. त्याला आदल्या रात्रीची रजा टाकायला सांगितलीये.